पाणी मुरतंय

बाई म्हणाल्या, मुलगा शोधून द्या.
लाँड्रीतून कोट आणायला सांगावं
त्या आवाजात.
माझा दर दिवसाला पन्नास डॉलर, पेट्रोल वेगळं.
आठवड्याचा चेक त्यांनी आधीच लिहून ठेवलेला,
शाई वाळलेली.
ज्यांना मूल खरंच परत हवं असतं
ते आधी रडतात, मग घासाघीस करतात.

ऑक्टोबर सत्तावन्न. वाळवंटाकडचा वारा
तीन दिवस लिंबांच्या बागा झोडपत होता.
सांता पाउलाच्या वर, टेकडीवर, ऑर्डवेंचं घर,
मागे स्विमिंग पूल,
आणि पुलात थोरली मुलगी, मर्ना.
रोज चाळीस फेऱ्या, तिनं सांगितलं,
रबरी टोपी न काढता. वय अठ्ठावीस.
निळ्या टाइल्सवर पाण्याची जुनी रेघ,
पाणी तिच्या वीतभर खाली.
काठावरून नळी सोडलेली, अखंड.
"उन्हानं आटतं," बाई म्हणाल्या,
मी विचारलं नसताना.
वहीत लिहिलं: ऊन.

लायल दोन दिवसांत सापडला.
ऑक्सनार्डला, साखर कारखान्यामागच्या मोटेलात,
दाढी वाढलेली, डावा हात कोपरात वाकडा.
पाच वर्षांचा असताना झाडावरून पडला
असं त्यांच्या घरात सांगतात.
उशीखाली पिस्तूल असेल म्हणून जपून हात घातला,
निघालं एका कंत्राटदाराचं कोटेशन.
तळाला भेग. फरशी उखडून सहा फूट खणणे.
तीनशे चाळीस डॉलर.

"मी नुसता दुरुस्ती करायला निघालो होतो हो.
आईनं त्या माणसाला दाराबाहेर काढलं.
मग मी सहज हिशेब केला."
पूल खणला अडतीसच्या मार्चमध्ये.
वडील मेक्सिकोला गेले अडतीसच्या मार्चमध्ये.
खाणीत पैसा आहे म्हणाले म्हणे.
हॅट मात्र खुंटीवरच राहिली.

बारा वर्षं पोलिसात काढली मी,
नवऱ्याला संपवलेल्या बायका पाहिल्यात.
त्या खूप बोलतात, किंवा खूप झोपतात.
या बाई तर पहारा देत होत्या.
कुणावर, ते मला कळेना.

खड्डा खणणारा एउसेबिओ
आता आंधळा आहे. चर्चच्या सावलीत
कणसं सोलत बसतो.
"रात्रीचं काम होतं. मी खाली बघितलं नाही," म्हणाला,
"मी पोरीकडे बघत होतो.
सेन्योरा तिचे हात धूत होती बागेच्या नळीनं,
आणि विचारत होती, बाळ, हे काय आहे?
पोर म्हणायची, स्वप्न.
पुन्हा विचारायची, पुन्हा म्हणायची, स्वप्न.
घरात धाकटा ओरडत होता.
त्याचा हात तेव्हा नुकताच मोडला होता."

आणि झाड?
"कुठलं झाड? लिंबं त्या वर्षी लावली,
माझ्या गुडघ्याएवढी होती."

मोटेलवर परत गेलो, एकच प्रश्न विचारला,
हाताबद्दल.
लायल बराच वेळ कोपर धरून बसला.
मग काडी मागितली,
आणि ते कोटेशन ॲशट्रेत काळं होईपर्यंत
आम्ही दोघंही काही बोललो नाही.

"सापडला?" बाईंनी विचारलं.
"सापडला. खणणार नाही तो."
त्यांनी मान हलवली, नळीकडे पाहिलं.
तेवढ्यात मर्ना वर आली, केस निथळत,
हसून म्हणाली, तळाशी किती बरं वाटतं.
श्वास रोखून बसते मी तिथे, लहानपणापासून.
घरात कुणी झोपलेलं असलं की
आपण कसे गप्प असतो ना, तसं.

चेक खिशात, उताराला लागलो.
डोंगर करपलेला, तपकिरी, काडी लागली तर पेटेल असा.
फक्त ऑर्डवेंच्या कुंपणाखालून
गवताचा एक अरुंद पट्टा
रस्त्यापर्यंत उतरला होता, हिरवागार,
कुणीही गाडी थांबवून पाहावा असा.

मी थांबवली नाही.